सही केली तेव्हा शीर बंदच होती

पत्राचा सारांश : देवगड तालुक्यातल्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. घरी सासू-सासरे, दोन मुलं आणि हापूसची बाग. मे महिन्यात शेवटच्या पेट्या भरायचं काम चालू असताना एका सकाळी सासऱ्यांचा (वय ६६) उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. सहा वाजता त्यांनी चहा घेतला होता, साडेसहाला ते पडवीत पडलेले दिसले. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘वारा गेलो हा, गरम तेल चोळा.’ त्यात तासभर गेला. मग तालुक्याचा दवाखाना, मग गाडी, मग घाट. इस्पितळात पोचेपर्यंत बारा वाजले. मेंदूतली गुठळी नळीने दोनदा काढली, पण शीर पुन्हा पुन्हा बंद होत राहिली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘आत जुनं आकसलेलं आहे. स्टेंट घालावा लागेल. रक्तस्रावाचा धोका आहे. लगेच सांगा.’ नवऱ्याच्या जहाजाला फोन लागेना. डोंबिवलीचे मोठे दीर फोनवर म्हणाले, ‘तुम्ही तिथे आहात, तुम्हीच बघा काय ते.’ तिने सही केली. आज सासरे काठी घेऊन चालतात, उजवा हात निकामी आहे, शब्द सापडत नाहीत. गणपतीला दीर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मेंदूतल्या स्टेंटवर अमेरिकेत बंदी आहे. हिने घाईने सही केली म्हणून बाबांचा हात गेला.’ दुसरीकडे सासूबाईंचा आग्रह असा, की मेंदूच्या दुसऱ्या बाजूची शीरही आकसलेली निघाली आहे, तर तिथे आताच स्टेंट घालून टाका. आरतीला सासऱ्यांनी ‘सुखकर्ता’ अख्खं म्हटलं, त्यावर दीर म्हणाले, ‘गाता येतं, मग बोलायला काय होतं?’ तिचा प्रश्न : असा स्टेंट सुरक्षित असतो का? माझं चुकलं का? आणि ताजा कलम : पुढच्या आठवड्यात सासऱ्यांची दाढ काढायची आहे, त्यासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या सात दिवस बंद ठेवायला सांगितलंय.

मुली, तू मला पत्रात ‘डॉक्टरकाका’ म्हटलं आहेस, तेव्हा अगं-तुगं करतो. मी मेंदूचा सर्जन नाही. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात पस्तीस वर्षं दवाखाना चालवलेला साधा डॉक्टर आहे. अंगावरून वारं गेलेली माणसं खूप पाहिली, आणि त्यातली बरीचशी उशिरा पाहिली.

ताजा कलम म्हणून एका ओळीत जे उरकलं आहेस, त्याचं उत्तर आधी. बाकीचं सगळं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. गोळ्या बंद करू नका. ज्यांनी स्टेंट घातला त्यांना विचारल्याशिवाय एका दिवसासाठीही नाही. स्टेंट म्हणजे शिरेत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर शिरेचं स्वतःचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर रक्तातल्या चिकट पेशी त्या उघड्या धातूवर जमायला टपलेल्या असतात, आणि त्यांना थोपवून धरायचं काम ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही जोडी करते. दोन्ही एकदम सोडल्या तर मे महिन्याची सकाळ पुन्हा उगवू शकते. एखादी दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनही काढता येते. रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ येतं, डॉक्टर कापूस दाबून धरतात, टाका घालतात, झालं. दाढ थांबू शकत असेल तर आणखी काही महिने थांबवता येईल का, हेही विचार. दातांच्या डॉक्टरांना स्टेंटचं माहीत आहे का? मला शंका आहे की हे ‘सात दिवस’ त्यांनी नाही, बाहेर नंबर लावणाऱ्याने सांगितलंय. डिस्चार्जचा कागद घेऊन तू स्वतः जा.

त्याच ओघात आणखी दोन गोष्टी. दाढ दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा कॉम्बिफ्लामसारखी गोळी आणून देऊ नकोस. या दोन गोळ्यांच्या जोडीला ती आली की पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते आणि रक्तदाबही चढतो. पॅरासिटामॉल चालेल. आणि पित्तासाठी घरात ओमेप्राझोलची पाकिटं पडलेली असतील तर ती बाजूला ठेव. क्लोपिडोग्रेलचा जोर त्याने कमी होतो. पित्ताची गोळी हवीच असेल तर चालणारी डॉक्टर लिहून देतील.

आता मूळ पत्र. ते मी दोन-तीनदा वाचलं आणि दर वेळी एकाच जागी अडलो. तू, तुझे भावोजी, गणपतीला जमलेले सगळे, तुम्ही गोष्ट सुरू करता ती दुपारी, तुझ्या हातात पेन आलं तिथून. गोष्ट सुरू झाली सकाळी सहा ते साडेसहाच्या मध्ये. मेंदूची मोठी शीर बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला आणि अजून तोच सांगितला जातो. हात लुळा पडला तो पडवीत. वाचा गेली ती पडवीत. स्टेंट त्यानंतर सहा तासांहून जास्त वेळाने आला. स्टेंटने हात घालवला असं म्हणायचं, तर तो हात साडेसहाला चालत असायला हवा होता.

तरीही ‘म्हणजे स्टेंट सुरक्षित होता’ असं मी लिहून देणार नाही. ते खरं नाही, आणि असलं प्रमाणपत्र भावोजींच्या तोंडावर फेकून तुझं काही भलं होणार नाही. सुरक्षित की असुरक्षित, हे स्टेंटवर लिहिलेलं नसतं. कुणाच्या शिरेत, कधी, आणि न घालता काय झालं असतं, यावर ते ठरतं. म्हणून आत काय चाललं होतं ते आधी समजून घे.

आपल्याकडे पोफळीच्या बागेत पाट असतो. पाटात पालापाचोळा अडकला तर हात घालून काढला की पाणी धावतं. बहुतेकांच्या मेंदूतली गुठळी अशी असते. हृदयातून किंवा मानेच्या शिरेतून वाहत येते आणि अडकते. मांडीतून नळी घालून ती ओढून काढतात. हा उपाय कामाचा आहे हे २०१५ साली एकापाठोपाठ एक आलेल्या पाच चाचण्यांनी पक्कं झालं, आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही त्याचा उपयोग होतो असं दिसलं. तुम्ही बारा वाजता पोचूनही त्यांनी सासऱ्यांना आत घेतलं ते यामुळेच. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत तेव्हा उलटून गेली होती.

पण कधीकधी पाटाची कडच आत ढासळलेली असते. पाचोळा काढा, पाणी दहा मिनिटं धावतं, पुन्हा तुंबतं. सासऱ्यांच्या शिरेत वर्षानुवर्षं चरबीचा आणि चुन्याचा थर साचत आलेला होता, आणि त्या खडबडीत जागेवर गुठळी धरली. असं आकसणं गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत जास्त आढळतं. अशा जागी गुठळी काढणं म्हणजे पाचोळा काढणंच, कड तशीच राहते. दोनदा काढून दोनदा बंद झाली हे तू लिहिलं आहेस. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्यापुढे फार वाटा नव्हत्या. एक, इथेच थांबायचं आणि शीर बंद ठेवायची. दोन, रक्तातल्या चिकट पेशींना रोखणारं औषध शिरेतून देऊन ती उघडी राहते का बघायचं. तीन, फुगा फुगवून जागा मोठी करायची. चार, स्टेंट.

यातली एकही वाट सरळ नाही. ‘आमच्या वाडीत हृदयात स्टेंट घातलेले चार जण आहेत, दुसऱ्या दिवशी चहा पीत बसले होते’ असं सासूबाई म्हणतात ना, तिथे गफलत आहे. मेंदूतली ही शीर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर रुंद. तिची भिंत हृदयाच्या शिरेपेक्षा पातळ, आणि भोवती धरून ठेवणारं मांस नाही, ती पाण्यासारख्या द्रवात तरंगत असते. तिच्या पोटातून केसासारख्या बारीक फांद्या निघतात आणि मेंदूच्या गाभ्याला रक्त देतात. स्टेंटने दाबलेला थर त्या फांद्यांच्या तोंडाशी सरकला तर त्या बुजतात. शीर चिरू शकते. आणि तातडीच्या वेळी तर मोठाच पेच असतो. स्टेंट बंद पडू नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध लगेच भरपूर द्यावं लागतं, आणि त्याच वेळी मेंदूचा काही भाग आधीच मेलेला, नाजूक झालेला असतो. तिथे रक्त पाझरायला वेळ लागत नाही. डॉक्टर ‘रक्तस्रावाचा धोका आहे’ म्हणाले, त्यामागे हे सगळं होतं. एका वाक्यात सांगितलं म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांच्याकडे तेवढाच वेळ होता.

भावोजींनी फोनवर दाखवलेला आकडा, ‘स्टेंटवाल्यांत शंभरातले पंधरा’, मी ओळखला. तो खोटा नाही. अमेरिकेत २०११ साली ४५१ रुग्णांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. मेंदूची शीर ७० ते ९९ टक्के आकसलेल्या लोकांत स्टेंट घातलेल्यांपैकी १४.७ टक्के लोकांना महिन्याभरात मेंदूचा झटका (म्हणजे हेच वारं जाणं) किंवा मृत्यू आला, नुसत्या कडक औषधोपचारावर ठेवलेल्यांत ५.८ टक्के. पण ते रुग्ण कोण होते? झटका येऊन गेलेले, शीर आकसलेली असूनही वाहती असलेले, गोळ्या घेऊन घरी बसू शकणारे. त्यांच्यापुढे दुसरी चांगली वाट होती आणि ती जिंकली. तुझ्या सासऱ्यांची शीर बंद होती. त्या चाचणीतल्या ‘नुसत्या गोळ्या’ त्यांना त्या दुपारी उपलब्धच नव्हत्या.

बंदीचंही तसंच, अर्धं खरं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली त्या स्टेंटची परवानगी अरुंद केली. औषधं नीट चालू असताना दोन किंवा जास्त झटके आलेल्यांनाच, तेही शेवटच्या झटक्याला सात दिवसांहून जास्त झालेले असतील तर. सगळ्या मेंदूच्या स्टेंटवर बंदी आली नाही. पण झटक्याच्या पहिल्या दिवशी घातलेला स्टेंट त्या परवानगीत बसत नाही, हेही तितकंच खरं. तातडीचा स्टेंट हा बाकीचं सगळं फसल्यावर करायचा प्रयत्न आहे. त्याला ठरलेला उपचार कुणी म्हणत असेल तर तो वाढवून सांगतो आहे.

आता भावोजींना बहुधा ठाऊक नसलेला, पण त्यांच्याच बाजूचा पुरावा मी तुला देतो. लपवलेला पुरावा पुढच्या गणपतीला बाहेर येतोच. गुठळी काढणं फसल्यावर फुगा किंवा स्टेंट वापरावा का, हे चीनमध्ये ३४८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून तपासलं गेलं. निकाल २०२४ मध्ये आला. तीन महिन्यांनी अपंगत्व कुणाला किती राहिलं, यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव मात्र फुगा-स्टेंटवाल्यांत सुमारे ५ टक्के, दुसऱ्या गटात १ टक्का. शीर चिरण्याचं प्रमाणही जास्त. त्याआधी इस्पितळांच्या जुन्या नोंदी तपासणारे बरेच अभ्यास आले होते आणि त्यांत स्टेंटवाले पुढे दिसत होते. पण नोंदींत एक खोट असते. ज्याचं बरं होईल असं डॉक्टरला वाटतं त्यालाच तो स्टेंट घालतो, मग निकाल बरा दिसणारच.

म्हणून २०२४ नंतर कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही की अशा वेळी स्टेंट घालाच, किंवा घालूच नका. त्या चाचणीत दोन तऱ्हेचे रुग्ण एकत्र होते. काहींची शीर उघडतच नव्हती. काहींची उघडली होती, रक्त जात होतं, पण आत बरंच आकसणं उरलं होतं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. रक्त जात असेल तर थोडं थांबून, औषध देऊन पाहण्यात शहाणपण आहे. शीर दर वेळी मिटत असेल आणि मेंदूचा बराच भाग अजून वाचण्यासारखा असेल, तर प्रयत्न करण्याकडे माझा कल राहील. माझा सख्खा भाऊ आत असता आणि डॉक्टर ‘तिसऱ्यांदाही मिटतेय’ म्हणाले असते, तर मी सही केली असती. ही माझी बाजू. दुसरा डॉक्टर वेगळं म्हणेल आणि तोही प्रामाणिक असेल.

तेव्हा ‘माझं चुकलं का’ याचं उत्तर असं : त्या दहा मिनिटांत तुला जेवढं सांगितलं गेलं, त्यावर कुणीही शहाणं माणूस ‘हो’ म्हणालं असतं, आणि ‘नको’ म्हणणाऱ्यालाही मी वेडं ठरवलं नसतं. स्टेंट घातला नसता तर हात वाचला असता का? नसता वाचला, असं वाटायला जागा आहे, पण खात्री नाही. ती कधीच मिळणार नाही. या अनिश्चिततेबरोबर तुला राहावं लागेल, आणि भावोजींनाही.

सहीचं काय ते एकदा नीट बघ. घरात सगळे असं बोलतात की जणू पाच जणांच्या मतांतून तू एक वाट निवडलीस. तसं झालं का? वाट सुचवली डॉक्टरांनी. तुझी सही म्हणजे ‘धोका मला समजावून सांगितला, पुढे जा’ एवढाच कागद. जहाजाला फोन लागत नव्हता. मोठ्या मुलाने ‘तुम्हीच बघा’ म्हटलं. ज्याला विचारलं त्याने तुझ्यावर सोपवलं आणि मग निकाल बघून ते परत मागून घेतलं. सही सुनेऐवजी मुलाने केली असती तर असं झालं असतं का, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण पत्रात तो आहे.

तरीही भावोजींना शत्रू करू नकोस. ‘तुम्हीच बघा’ म्हणालेला माणूस डोंबिवलीच्या खोलीत त्या रात्री झोपला असेल असं मला वाटत नाही. चाकरमान्यांचा हा जुना घाव आहे, गावात काही झालं की आपण तिथे नव्हतो. तो राग तुझ्यावर निघतो आहे. त्यांना मेसेजवर आकडे पाठवत बसू नकोस. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत यायला सांग. अँजिओग्राफीची सीडी इस्पितळाकडे असते, मागितली की देतात. त्यात बंद शीर दिसते, स्टेंटनंतरची दिसते. डॉक्टरांना दोन्ही चित्रं त्यांच्यासमोर लावायला सांग आणि तू गप्प बस. जाताना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ने : स्टेंट आत्ता उघडा आहे का आणि ते पुन्हा कधी बघायचं, दोन गोळ्यांपैकी कुठली कधी थांबणार आणि कुठली जन्मभर, क्लोपिडोग्रेल यांना लागू पडतं का. हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या शरीरात अनुवंशाने ही गोळी नीट कामाला लागत नाही, मग डॉक्टर दुसरी देतात. स्टेंटचं नाव आणि नंबर असलेलं कार्डही मागून घे. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच विचारतात.

दुसऱ्या शिरेचा विषय सोपा आहे. अर्धं घर स्टेंटला शिव्या देतंय आणि उरलेलं अर्धं आणखी एक मागतंय! सासूबाईंना सांग, नको. कागदावर ५०-६० टक्के आकसलेली असं लिहिलंय, आणि त्या बाजूने आजवर काही त्रास झालेला नाही. मघाचा १४.७ विरुद्ध ५.८ टक्क्यांचा आकडा इथे लागू पडतो, तोही याहून जास्त आकसलेल्या लोकांचा. २०२२ साली चीनमधल्या अनुभवी केंद्रांनी ३५८ रुग्णांवर पुन्हा तपासून पाहिलं. या वेळी झटक्यानंतर तीन आठवडे थांबून, रुग्ण निवडून. स्टेंटवाल्यांचं नुकसान कमी झालं, पण फायदाही दिसला नाही : झटका किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत ८.० टक्के, नुसत्या औषधांवर ७.२ टक्के. नुसत्या फुग्याने शीर हळूच रुंदावण्याचे निकाल २०२४ मध्ये आशेचे आले आहेत, पण तेही झटका येऊन गेलेल्या शिरेबद्दल. शांत बसलेल्या शिरेला टोचायला जाऊ नका.

त्या शिरेचा खरा उपचार तुझ्या स्वयंपाकघरात आणि कोनाड्यातल्या डब्यात आहे. त्या अमेरिकन चाचणीत औषधवाले जिंकले ते कसे? वरचा रक्तदाब १४० च्या खाली, वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, तंबाखू बंद, चालणं, आणि गोळी न चुकवणं. कुठलंही नवलाचं औषध नव्हतं. आपल्याकडे घोडं अडतं ते मिठाशी. पावसाळाभर सुके बांगडे, सुकट, खारवलेली कैरी, पापड, आणि वर ‘आम्ही भाजीत मीठ कमीच घालतो’. ताजी मासळी खुशाल खाऊ दे, नारळही बेताने. खारं मात्र त्यांच्या ताटातून काढ, आणि ते एकट्याच्या ताटातून निघत नाही, घराच्याच ताटातून काढावं लागतं. मशेरी लावत असतील तर तीही तंबाखूच. रक्तदाबाचं यंत्र घरात घे, आकडा वहीत लिही. आणि ही वही भावोजींच्या ताब्यात दे, खरंच सांगतो. रोज रात्री फोन करून आकडा विचारायचा आणि महिन्याच्या गोळ्या मुंबईहून पाठवायच्या. रागावलेल्या माणसाला काम दिलं की तो जरा बरा बोलतो.

तुझ्यासारख्या पत्रं लिहिणाऱ्या, न लिहिणाऱ्या इतर घरांसाठी थोडं. काकींवर चिडू नका, पण तेल चोळू नका. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक दिसलं की १०८ ला फोन. पडलेल्याला पाणी पाजू नका, गिळता येत नसतं, ते छातीत जातं. रक्तदाब चढलाय म्हणून जिभेखाली गोळी देऊ नका, तो एकदम उतरला की मेंदूला उरलंसुरलं रक्तही पोचत नाही. ॲस्पिरिनही नको. सीटी स्कॅन होईपर्यंत आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे कुणालाच कळत नाही. शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ चिठ्ठीवर लिहून खिशात टाका, डॉक्टर सगळ्यात आधी तीच विचारतात. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात, देवगड-वैभववाडीकडची घाट चढून कोल्हापूरला. पण आधी जवळ कुठे चोवीस तास सीटी चालू असतो आणि गुठळीचं इंजेक्शन मिळतं, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा. इंजेक्शन घेऊनही पुढे जाता येतं. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते काउंटरवरच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

आणि कुणापुढे तो स्टेंटचा प्रश्न आलाच, तर वेळ दोन-तीन प्रश्नांपुरताच असतो. शीर पूर्ण बंद आहे की थोडं रक्त जातंय? मेंदूचा किती भाग अजून वाचण्यासारखा आहे? आधी इंजेक्शन दिलंय का? दिलं असेल तर स्टेंटनंतरच्या औषधांनी रक्तस्रावाची भीती आणखी वाढते. फोन स्पीकरवर टाका, गावाबाहेरच्या भावालाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. ‘तुम्हीच बघा’ म्हणायला मग जड जातं.

राहिली आरती. सासरे ढोंग करत नाहीत. बोलणं डाव्या मेंदूत जुळतं, तोच भाग गेलाय. गाणं आणि लहानपणापासून पाठ असलेलं मेंदूच्या दुसऱ्या बाजूच्या आधारानेही बाहेर येतं. म्हणून ज्याला ‘पाणी’ शब्द सापडत नाही तो ‘सुखकर्ता’ न अडखळता म्हणतो. वाचा-उपचार करणारे याचाच उपयोग करतात, शब्द सुरात घालून, मांडीवर ठेका धरून. तुमच्याकडे असा माणूस मिळणं कठीण आहे, तर घरीच करा. जेवताना ‘पाणी हवं’ हे चालीवर म्हणा, डाव्या हाताने ताल धरायला लावा. त्यांच्याशी मालवणीतच बोला, शहरी मराठीत नको, आणि उत्तरासाठी थांबा, वाक्य तुम्ही पुरं करू नका. झटक्यानंतर तिघांतला एक जण तरी मनाने खचतो. ते गप्प असतात ते शब्द नसल्याने की मन लागत नसल्याने, यावर लक्ष ठेव, दुसरं असेल तर त्यावर औषध आहे.

देवळात भजनी मंडळ असेलच. शनिवारी त्यांना काठीसकट नेऊन बसवा, डाव्या हाताने ताल धरू द्या. नवऱ्याचा फोन लागला की त्यालाही ऐकव.